पडीची फळं आधी

सकाळी सात

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडमधल्या हेरफर्डशरमध्ये सात वाजल्याशिवाय नीट उजाडत नाही. त्याआधी निघून उपयोग नाही, कारण अंधारात क्रॅब ॲपलचा, म्हणजे रानसफरचंदाचा, रंग कळत नाही. आणि उशीर करूनही चालत नाही. ऊन चढलं की गांधीलमाश्या जाग्या होतात. गवतात पडून फुटलेल्या फळाच्या पोटात एखादी हमखास बसलेली असते. सकाळच्या गारठ्यात त्या सुस्त असतात, तेवढ्या वेळात आपलं काम उरकून घ्यायचं.

सासूबाई रत्नागिरीहून आल्या आहेत. स्वेटरवर रेनकोट, पायात माझे गमबूट, हातात करंडी. "आई, गवत ओलं आहे, जपून या," असं मी म्हणेपर्यंत त्या वईपाशी पोचलेल्या असतात. इथे दोन शेतांच्या मधे झाडाझुडपांची दाट वई असते. हॉथॉर्न, हेझल, ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, आणि मधूनच डोकं वर काढणारं एखादं रानसफरचंद. फळ सुपारीपेक्षा थोडं मोठं, पिवळं, उन्हाकडच्या गालावर लाली. चावलं तर तोंड वाकडं होईल इतकं आंबटढाण आणि तुरट. आज मला तेच हवं आहे.

रस्त्याकडेची ही सगळीच झाडं काही अस्सल रानटी नव्हेत. इथली मूळची रानजात वेगळी, तिला वनस्पतिशास्त्रात मालस सिल्वेस्ट्रिस म्हणतात. पण बरीचशी झाडं कुणीतरी चालता चालता खाऊन फेकलेल्या सफरचंदाच्या बियांतून उगवलेली. सफरचंदाच्या बीतून आईसारखं झाड येत नाही, प्रत्येक बी नवीच जात घेऊन येते. जुनी जात हवी तर कलमच बांधावं लागतं. हे सासूबाईंना समजावून सांगावं लागलं नाही. "म्हणजे आपले रायवळच की," त्या म्हणाल्या आणि एका झाडाचं फळ चाखून पुढच्या झाडाकडे वळल्या. रायवळाच्या राईत वाढलेल्या माणसाला प्रत्येक झाड वेगळं चाखून बघायचं असतं हे ठाऊकच असतं.

कुणाच्या मालकीची ही फळं, हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या चोरीविषयीच्या कायद्यात त्याचं सरळ उत्तर आहे. रानात आपोआप उगवलेल्या झाडाचं फळ, फूल किंवा पाला घरासाठी तोडला तर ती चोरी नाही, विकण्यासाठी तोडला तर आहे. मात्र त्यामुळे कुणाच्या शेतात शिरायचा हक्क मिळत नाही. म्हणून आम्ही गावच्या पायवाटेवरूनच हात पोचेल तेवढं तोडतो. मोठ्या रस्त्यालगतची झाडं सोडून देतो, कारण तिथे फळांवर धूर आणि धूळ बसलेली असते. आणि शेंड्याची फळं तशीच ठेवतो. ऑक्टोबरात स्कँडिनेव्हियातून फील्डफेअर आणि रेडविंग हे कस्तुराच्या कुळातले पक्षी इथे हिवाळा काढायला येतात, त्यांनाही काही हवं.

घाई मात्र एका वेगळ्या गोष्टीची असते. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात, मार्च ते ऑगस्ट, शेतकऱ्यांना वई छाटायची मनाई असते. सप्टेंबर लागला की ट्रॅक्टरला लावलेली पाती फिरू लागतात आणि फळांनी लगडलेल्या फांद्या एका सकाळीत भुगा होतात. आजची वई अजून शाबूत आहे. करंडी भरली.

साडेआठ

शेजारच्या आजींच्या परसात ब्रॅम्लीचं झाड आहे. त्यांना आता शिडीवर चढवत नाही, आणि झाड तर दरवर्षी वाकून जाईल एवढं धरतं. फळं आम्ही उतरवायची आणि मुरलेल्या चटणीच्या बाटल्या त्यांच्या फडताळात पोचवायच्या, असा आमचा जुना करार आहे.

ब्रॅम्ली हे शिजवायचं सफरचंद. मुठीत मावत नाही इतकं मोठं, हिरवं, वेडंवाकडं. कच्चं खाल्लं तर दात आंबतात, पण आचेवर ठेवलं की काही मिनिटांत फुलून मऊ होतं. या जातीचा जन्म नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावचा. १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने बिया लावल्या, त्यातलं एक झाड जगलं. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाल्याने कलमं करायची परवानगी मागितली, तेव्हा ब्रॅम्लीने अट घातली की नाव माझं लागलं पाहिजे. बी लावणारीचं नाव असं मागे पडलं. जगातलं प्रत्येक ब्रॅम्ली त्या एका झाडाच्या फांदीतून आलेलं आहे, म्हणजे आजींच्या परसातलंसुद्धा. मला हे झाड उतरवताना दर वेळी त्या मुलीची आठवण होते.

फळ ओढायचं नाही. तळहातावर घेऊन थोडं वर उचलायचं आणि हलकेच पीळ द्यायचा. तयार असेल तर देठासकट हातात येतं, नसेल तर फांदी सोडत नाही, आणि ते तसंच राहू द्यायचं. खात्री हवी तर एक कापून बघावं. बिया तपकिरी झाल्या असतील तर झाड तयार आहे.

आता खरं महत्त्वाचं काम येतं, ते म्हणजे निवड. तीन क्रेट मांडलेले असतात. पहिल्यात झाडावरून हाताने उतरवलेली, देठासकट, अंगावर ओरखडाही नसलेली फळं. दुसऱ्यात पडीची, म्हणजे गवतात पडून मार लागलेली, पाखरांनी टोचलेली, किंवा कॉडलिंग मॉथच्या अळीने भोक पाडलेली, पण आत शाबूत असलेली. तिसऱ्यात कुजलेली, ती सरळ कंपोस्टमध्ये. दिवसभराचा क्रम हे तीन क्रेट ठरवतात. आपल्याला आज काय करावंसं वाटतं, याला फारशी किंमत नाही. मार लागलेलं फळ उद्यापर्यंत थांबत नाही. चांगलं फळ फेब्रुवारीपर्यंत थांबतं. ज्यांना हे पटत नाही ते चांगल्या फळांची जेली करून बसतात आणि पडीची फळं आठवडाभरात टाकून देतात. मला ते सहन होत नाही. इथल्या दुकानांत ऐन हंगामात न्यूझीलंडची आणि दक्षिण आफ्रिकेची सफरचंदं मांडलेली असतात, आणि त्याच गावात परसापरसांत फळांचा चिखल झालेला असतो.

साडेनऊ

आधी क्रॅब ॲपल चुलीवर, कारण त्यांचा रस गळायला दिवस लागतो. धुवायची, कुजलेली अख्खी बाजूला काढायची, देठ काढायचे, दोन तुकडे करायचे. साल काढायची नाही, गाभा काढायचा नाही, बियाही तशाच. जेली जमवणारं पेक्टिन मुख्यतः सालीत आणि गाभ्यात असतं. फळं जेमतेम बुडतील इतकंच पाणी घालून मंद आचेवर पाऊण-एक तास. मधून मधून लाकडी डावाने दाबायचं. साली सुटून सगळ्याचा लगदा झाला की गॅस बंद.

साडेदहा

सासूबाईंनी पंचा उकळत्या पाण्यातून काढून पिळून ठेवला आहे. चक्का बांधायला आणलेला तो पंचा इथल्या दुकानातल्या जेलीच्या पिशवीपेक्षा चांगलं काम देतो. उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या चार पायांना त्याची चार टोकं बांधायची, खाली पातेलं ठेवायचं, वरून गरम लगदा ओतायचा. "अगं, गाठ घट्ट मार, वजन आहे त्याला," एवढं त्या म्हणतात.

यानंतर त्याला हात लावायचा नाही. पिळायचं नाही, दाबायचं नाही, घाईने ढवळायचं नाही. पिळलं तर रस जास्त निघतो, पण बारीक चोथा त्यात उतरतो आणि जेली गढूळ होते. थेंब थेंब पडत राहतो, संध्याकाळपर्यंत.

अकरा ते एक

हे दोन तास बसून चिरण्याचे, आणि माझ्या मते दिवसातले सगळ्यांत मोलाचे. पडीच्या ब्रॅम्लींचा ढीग, दोन सुऱ्या, दोन पाट, मिठाच्या पाण्याचं एक पातेलं. फोड कापली की ती पाण्यात टाकायची, नाहीतर पंधरा मिनिटांत काळी पडते.

मार लागलेला तपकिरी भाग आणि कुजलेला भाग हे वेगळे असतात, ते ओळखता यायलाच हवेत. मार लागलेली जागा कोरडी, चवीला जरा फिकी असते. ती कापून टाकली की उरलेलं फळ उत्तम. कुजलेल्या जागी फळ पाणावतं, मातकट वास येतो, निळसर बुरशीचे ठिपके दिसतात. ही बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. ते फळात डागाच्या पलीकडेही पसरलेलं असू शकतं आणि शिजवल्याने पूर्ण जात नाही. म्हणून "कुजका भाग काढून बाकीचं घ्यावं" हा काटकसरीचा सल्ला मी सफरचंदाच्या बाबतीत मानत नाही. कुजलेलं फळ अख्खं बाहेर. सासूबाईंना ते पहिल्यांदा उधळपट्टी वाटलं. मी कारण सांगितल्यावर त्यांनी हातातलं फळ पुन्हा हुंगलं आणि बादलीत टाकलं.

अळीचं भोक मात्र घाबरायचं कारण नाही. अळी गाभ्याकडे जाते, बिया खाते. तेवढा मार्ग खणून काढला की फळ स्वच्छ.

चिरताना बोलणं होतंच. सासूबाईंना इथल्या बायकांनी दुसऱ्या महायुद्धात हे कसं केलं ते ऐकायला आवडतं. विमेन्स इन्स्टिट्यूट ही खेड्यापाड्यांतल्या बायकांची संस्था ब्रिटनमध्ये १९१५ साली वेल्सच्या अँगलसी बेटावर सुरू झाली. १९४० मध्ये साखर रेशनवर होती आणि फळं मात्र भरपूर आली होती, ती वाया जाण्याच्या बेतात होती. सरकारने या संस्थेला साखर दिली, अमेरिकेतून डबे बंद करायची यंत्रं आली, आणि गावच्या सभागृहांत, शाळांत, कुणाच्या स्वयंपाकघरांत केंद्रं उघडली. परसातली नि वईतली फळं तिथे जमा व्हायची आणि जॅम होऊन रेशनमध्ये जायची. साखरेचं रेशनिंग उठलं ते १९५३ मध्ये. शेजारच्या आजी अजून साखर मोजताना चमच्याने सपाट करतात.

दुपारी एक

वरण-भात, लिंबाचं लोणचं. ओट्यावर जागा नाही, म्हणून मागच्या पायरीवर बसून जेवलो.

पावणेदोन

चटणी. इथली चटणी म्हणजे व्हिनेगरमध्ये दोन तास आटवलेला, वर्षभर टिकणारा प्रकार. दोन किलो फोडी, अर्धा किलो बारीक चिरलेला कांदा, अर्धा किलो तपकिरी साखर, पाऊण लिटर सायडर व्हिनेगर, पाव किलो बेदाणे, किसलेलं आलं, मोहरी, मीठ, सुक्या मिरच्या. हेरफर्डशर हा सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, मुलूख असल्यामुळे व्हिनेगर इथलंच मिळतं. पातेलं स्टीलचं हवं. जुन्या तांब्याच्या पातेल्यात जॅम छान होतो, पण व्हिनेगर घातलेलं काही त्यात करू नये, तांबं उतरतं.

सगळं एकदम घालायचं आणि झाकण न ठेवता मंद आचेवर आटू द्यायचं. पहिला तास काही बघावं लागत नाही. व्हिनेगरच्या वाफेने डोळ्यांना पाणी येतं, खिडकी उघडी हवी. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र पातेलं सोडून हलायचं नाही, साखर बुडाला लागते. डावाने तळावर रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली, मागून पाणी धावून आलं नाही, की चटणी आळली.

बाजूच्या शेगडीवर सासूबाईंचा मेथांबा. कैरीऐवजी ब्रॅम्ली. फोडणीत मोहरी, मेथी, हिंग, हळद, मग गूळ. गूळ विरघळून रस सुटला की त्यात मोठ्या फोडी. क्रम त्यांनीच बदलला. पहिल्या खेपेला कैरीच्या सवयीने फोडी आधी शिजवल्या तर त्यांचा लगेच लगदा झाला. गोडाच्या रसात पडल्या की फोडी आकार धरून राहतात, तसंच झालं. हा काही टिकवायचा पदार्थ नाही, फ्रिजमध्ये चार-सहा दिवस. पण आजच्या पोळीबरोबर हाच हवा.

बाटल्या गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, ओल्याच १४० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं. गरम बाटलीत गरम चटणी, अगदी गळ्यापर्यंत. झाकणाला आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेलंच घ्यायचं, नाहीतर व्हिनेगर पत्रा खातं.

चार

चांगल्या फळांचा क्रेट आता गॅरेजमध्ये. प्रत्येक ब्रॅम्ली वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचं आणि एकाला एक न टेकता एका थरात मांडायचं. एक कुजलं तरी कागदामुळे शेजारच्याला लागण होत नाही. जवळ बटाटे-कांदे ठेवायचे नाहीत. जागा थंड, अंधारी, उंदरांपासून सुरक्षित. हे काम नवऱ्याचं. तो एकेक फळ उजेडात फिरवून बघतो, आणि बारीकसा ओरखडा दिसला तरी ते माझ्याकडे परत येतं. इतकी कडक तपासणी मला आवडते.

साडेसहा

पंच्यातलं गळणं जवळजवळ थांबलं आहे. पातेल्यातला रस फिक्या गुलाबी रंगाचा, जरासा चिकट.

एक लिटर रसाला पाऊण किलो साखर. साधी साखर पुरते. बाजारात पेक्टिन घातलेली जॅमची साखर मिळते, ती स्ट्रॉबेरीला ठीक. क्रॅब ॲपलला तिची गरजच नाही. पेक्टिनचे लांब धागे रसात मोकळे तरंगत असतात आणि एकमेकांना दूर ढकलतात. फळाच्या आंबटपणाने ते ढकलणं कमी होतं, साखर त्यांच्याभोवतीचं पाणी बांधून घेते, आणि मग धागे एकमेकांना धरतात. पेक्टिन, आंबट आणि साखर, तिन्ही प्रमाणात असतील तरच जेली उभी राहते. खायला निरुपयोगी म्हणून वईत टाकून दिलेल्या या फळात पहिल्या दोन्ही गोष्टी भरपूर असतात. म्हणूनच इथल्या बायका ब्लॅकबेरीच्या जॅममध्येही मूठभर क्रॅब ॲपल घालत आल्या आहेत.

मंद आचेवर साखर पूर्ण विरघळू द्यायची. पळीच्या पाठीला एकही कण दिसता कामा नये. मग आच मोठी. पातेलं पसरट हवं, म्हणजे वाफ झपाट्याने जाते; जितका वेळ जास्त उकळेल तितका रंग काळपट आणि वास मेलेला. फेस चढतो, बुडबुडे आधी बारीक आणि उंच, मग जड, सावकाश फुटणारे. थर्मामीटर १०५ अंशांवर आला की साखरेचं प्रमाण हवं तितकं झालेलं असतं.

सासूबाई थर्मामीटरकडे बघत नाहीत. त्यांनी बोटावर पाक घेतला, "तार नाही अजून." मोरांब्याच्या पाकाला तारेची वाट बघणं बरोबर आहे, पण जेलीत तार येईपर्यंत थांबलं तर ती चिवट होते. इथली खूण वेगळी. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या बशीवर थेंबभर घालायचा, मिनिटभराने बोटाने ढकलायचा. वर सुरकुती पडली की झालं. दुसरी खूण डावाची. डाव आडवा धरून रस ओघळू द्यावा, शेवटचे दोन थेंब कडेवर एकमेकांत मिसळून पडद्यासारखे लोंबले की गॅस बंद. ही दुसरी त्यांना लगेच पटली, आणि मी बशी बघायच्या आधीच त्यांनी हात वर करून सांगितलं, "बंद कर." बशीवर सुरकुती पडली होती.

मळी काढायची, आणि लगेच भरायचं. पातेल्यातच गार होऊ दिलं तर तिथेच जमते. भरताना बाटली हलवायची नाही, नाहीतर हवेचे बुडबुडे आत अडकतात. लवंग, दालचिनी, रोझमेरी, पुस्तकांत काय काय घालायला सांगतात. मी काही घालत नाही. या झाडाची चव दुसऱ्या कुठल्या झाडाला नाही, ती झाकायची कशाला?

साडेआठ

पंच्यातला चोथा टाकायचा नाही. पुरणयंत्रातून फिरवला की साली आणि बिया मागे राहतात, खाली गुलाबी गर. एक किलो गराला पाऊण किलो साखर, जाड बुडाचं पातेलं, आणि सतत ढवळणं. इथे त्याला ॲपल चीज म्हणतात; दुधाचा त्यात थेंबही नाही. गोळा पातेल्याची कड सोडू लागला की तूप लावलेल्या ताटलीत थापायचा. गार झाल्यावर वड्या पडतात, आणि त्या झणझणीत चेडरबरोबर खातात. शिजताना गर उसळून अंगावर उडतो, म्हणून लांब बाह्यांचं काहीतरी घालून ढवळायला नवरा उभा राहतो.

दहा

झाकणं एकामागून एक टक टक वाजत आत ओढली जातात. आतली वाफ निवली, हवाबंद झालं. एक झाकण दाबल्यावर वर उसळतं, ती बाटली फ्रिजमध्ये, आधी संपवायची.

चिठ्ठ्या लिहायच्या. पदार्थ, तारीख, आणि झाड कुठलं तेसुद्धा: "पायवाटेच्या वळणावरचं", "आजींचं ब्रॅम्ली". जेली उद्यापासून खाता येईल. चटणीवर मात्र "नोव्हेंबरअखेर उघडणे" असं लिहिते, कारण ताज्या चटणीत व्हिनेगर टोचतं, दोन महिने मुरली की ती गोलसर होते. सासूबाई त्याआधी परत जाणार. त्यांच्या बाटलीवर त्यांनी स्वतःच मराठीत तारीख घातली आणि ती बॅगेत साड्यांच्या मधे ठेवून दिली.

मग त्यांनी रेनकोटच्या खिशातून एक फळ काढून ओट्यावर ठेवलं. ओढ्यावरच्या पुलापाशी अजून एक झाड आहे, त्याचं. मी कापलं. बिया अजून पांढऱ्या.

"पंधरा दिवस," त्या म्हणाल्या. "तोवर तो ट्रॅक्टरवाला तिकडे जाणार नाही ना? विचारून ठेव त्याला."

उद्या सकाळी त्याच्या घरी जाऊन येईन. जाताना जेलीची एक बाटली नेईन.